वैद्याची पायरी कोण चढतो, आणि का?



गेली दहा-बारा वर्षे एक वाक्य सारखे कानावर आदळते आहे : लोक आता पुन्हा आपल्या प्राचीन आयुर्वेदाकडे वळू लागले आहेत. टीव्हीवरचे बाबा हेच सांगतात, जाहिराती हेच सांगतात आणि व्हॉट्सॲपवर तर विचारूच नका. या वाक्यात दोन गोष्टी गुपचूप गृहीत धरलेल्या आहेत. एक, हे वैद्यक ब्राह्मणी संस्कृतीची देणगी आहे. दोन, माणूस वैद्याकडे जातो तो त्या संस्कृतीच्या अभिमानापोटी. इतिहास तपासला तर दोन्ही गोष्टी टिकत नाहीत.

मराठीत 'चिकित्सा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. रोगावरचा उपचार ही एक चिकित्सा, आणि एखाद्या गोष्टीची कसून केलेली तपासणी ही दुसरी. आपल्याला पहिल्या चिकित्सेची दुसरी चिकित्सा करायची आहे. प्रश्न साधा आहे : माणूस कोणत्या वैद्याची पायरी चढतो, आणि कशामुळे?

मगधातली गर्दी

या प्रश्नाचे एक अतिशय जुने उत्तर विनयपिटकातील महावग्गात सापडते. मगध देशात पाच रोगांची साथ पसरली होती. कुष्ठ, गंड, किलास, शोष आणि अपस्मार. लोक जीवकाकडे धावले. जीवक म्हणजे राजगृहातील गणिका सालवतीचा मुलगा. जन्मल्यावर कचऱ्याच्या ढिगावर टाकून दिलेला, राजपुत्र अभयाने उचलून वाढवलेला. तक्षशिलेत सात वर्षे शिकून तो वैद्य झाला. पण बिंबिसार राजा, त्याचे अंतःपुर आणि भिक्खुसंघ यांची सेवा करून त्याला वेळ उरत नव्हता. त्याने लोकांना नाही म्हटले.

मग लोकांनी काय केले? त्यांनी विचार केला की भिक्खूंना खायला मिळते, आजारी पडले तर सोबतचे भिक्खू शुश्रूषा करतात आणि जीवक औषध देतो. तेव्हा आपणही भिक्खू व्हावे! लोकांनी मुंडन केले, चीवर घातले, उपचार करून घेतले. त्यातला एक बरा होताच चीवर टाकून घरी गेला आणि जीवकाच्या नजरेस पडला. जीवकाने ही गोष्ट बुद्धांच्या कानावर घातली आणि या पाच रोगांनी पीडित माणसाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला.

ही गोष्ट नीट वाचा. लोकांना ओढून आणणारी कारणे एकेक करून तिथे दिसतात. हाताला गुण असलेला वैद्य. पैसे लागत नाहीत. पोटाला मिळते. आणि आजारी माणसाजवळ बसणारे कोणीतरी आहे. धर्माचा अभिमान, संस्कृतीचे प्रेम यांचा त्यात मागमूसही नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीचा मगधातला गरीब माणूस आणि आज आपल्या वस्तीतला मजूर एकाच हिशेबाने वैद्य निवडतात.

त्याच महावग्गात आणखी एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता. तो संघाच्या काही उपयोगाचा नाही म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. पुढे बुद्धांनी संघाला जे सांगितले त्याचा आशय असा की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने रुग्णाची सेवा करावी. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठीही उपचाराची व्यवस्था केल्याचे आणि जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या आणून लावल्याचे नोंदवले आहे. श्रमण परंपरेने वैद्यकाला धम्माचे काम मानले होते.

वैद्याच्या हातचे अन्न पू!

आता दुसरी बाजू पाहा. जी व्यवस्था आज आयुर्वेदाची मालकी सांगते, तिच्याच ग्रंथांत वैद्याची जागा कोणती आहे? तैत्तिरीय संहितेत अश्विनीकुमारांना वैद्य म्हणून माणसांत वावरल्यामुळे अशुद्ध ठरवले आहे आणि ब्राह्मणाने वैद्यकी करू नये असे सांगितले आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कोणाला बोलावू नये याची यादी आहे, तिच्यात चिकित्सक आहे. चौथ्या अध्यायात तर वैद्याच्या हातचे अन्न पूसमान म्हटले आहे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला, त्याने आपल्यालाच नव्हे, जखमेला हात लावणाऱ्या वैद्यालाही अपवित्र ठरवले होते.

कारण उघड आहे. वैद्याला कोणाच्याही घरी जावे लागते, कोणालाही शिवावे लागते. रक्त, पू, मळ, मूत्र यांना हात लावल्याशिवाय वैद्यक होत नाही. सुश्रुताने तर मृतदेह कुजवून त्याचे थर पाहत शरीर शिकायला सांगितले आहे. सोवळे-ओवळे आणि शरीरशास्त्र एका घरात नांदू शकत नाहीत. देबीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी प्राचीन भारतातील विज्ञान आणि समाज यांवरच्या १९७७ च्या ग्रंथात हाच संघर्ष उलगडून दाखवला. केनेथ झिस्क यांनी १९९१ साली बौद्ध विहारांतील वैद्यकावर स्वतंत्र पुस्तक लिहून या शास्त्राच्या घडणीत श्रमण परंपरेचा वाटा किती मोठा होता ते मांडले. चरकसंहिता स्वतःच सांगते की वनस्पतींची नावे आणि रूपे गुराखी, शेळ्या-मेंढ्या राखणारे आणि रानात राहणारे लोक ओळखतात. ज्ञानाचा उगम रानात होता, गुराख्यांकडे होता. मालकीचा शिक्का नंतर बसला. तीच संहिता आयुर्वेद शिकण्याचा अधिकार मात्र तीन वर्णांना देते. सुश्रुतसंहितेत शूद्रालाही शिकवावे असे काहींचे मत नोंदवले आहे, पण मंत्र वगळून आणि उपनयन न करता. आपला तर तिथे उल्लेखही नाही.

पुरावा पाहायला लांब जायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात, कन्नड तालुक्यात, पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत वच्छीपुत्र मगिल नावाचा राजवैद्य आहे, त्याचा मुलगा आणि मुलगीही आहेत. पैठणच्या, म्हणजे तेव्हाच्या प्रतिष्ठानच्या, गंधिक कुळातल्या मित्रदेवाचेही दान तिथे कोरलेले आहे. म्हणजे मनू ज्याच्या अन्नाला पू म्हणतो, तो वैद्य इथल्या विहारात सन्मानाने दाता म्हणून उभा आहे. अजिंठा-वेरूळला जाणाऱ्या तरुणांनी एकदा वाट वाकडी करून पितळखोऱ्याला जावे आणि 'प्राचीन आयुर्वेद कोणाचा?' हा प्रश्न त्या खांबांसमोर उभे राहून विचारावा.

थर्मामीटर कोणी कोणाला दिले?

पुढच्या शतकांत विहार उजाड झाले आणि वैद्यक जातीच्या घरात कोंडले गेले. त्यानंतर आपल्या पूर्वजांसाठी वैद्याची पायरी कशी होती, हे समजून घ्यायला 'वेटिंग फॉर अ व्हिसा' उघडावे. बाबासाहेबांनी त्यात १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'मध्ये आलेले एक पत्र दिले आहे. काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावच्या वजनदार माणसाच्या शब्दावर, दोन रुपये फी ठरवून, आणि बाईला वस्तीच्या बाहेर आणायच्या अटीवर तो आला. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले आणि परतही त्याच वाटेने गेले. तिला डॉक्टरचा हात लागलाच नाही. ती बाई मेली.

हा डॉक्टर आयुर्वेदाचा नव्हता. त्याच्या हातात आधुनिक विज्ञानाचे उपकरण होते, पण डोक्यात मनू होता. म्हणून 'ॲलोपॅथी म्हणजे पुरोगामी, वैद्यकी म्हणजे प्रतिगामी' इतके सोपे गणित मांडता येत नाही. पॅथी कोणतीही असो, पहिला प्रश्न स्पर्शाचा आहे. याच पुस्तकात १९३४ सालचा दौलताबादचा प्रसंग आहे. तळ्याच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून तिथल्या मुसलमानांनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर तळे बाटवल्याचा कांगावा केला. हा किल्ला आपल्या शहराच्या वेशीवर आहे. निजामाच्या राज्यात युनानीला राजाश्रय होता, शहराच्या जुन्या भागातले हकिमांचे दवाखाने हा त्याच काळाचा वारसा. पण राज्यात दवाखाना असणे आणि तिथे आपल्याला माणूस म्हणून वागवले जाणे, यांतले अंतर दौलताबादच्या त्या तळ्याने दाखवून दिले.

याच्या उलट उदाहरण १८९७ च्या प्लेगचे. सावित्रीमाईंनी डॉक्टर मुलगा यशवंत याला पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना घालायला लावले. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन तिथे आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. एका बाजूला दोन हातांतून फिरणारे थर्मामीटर आणि दुसऱ्या बाजूला पाठीवरचे पोर. दवाखान्यावरचा विश्वास कशाने तुटतो आणि कशाने बांधला जातो, ते या दोन चित्रांत आहे.

मग इतकी शतके आपले लोक आजारी पडल्यावर जात कुठे होते? ते आपल्याच माणसांकडे जात होते. गावाचे बाळंतपण मांग समाजातली सुईण करत होती. सवर्ण घरातले मूलही तिच्याच हातात जन्मायचे, आणि नाळ कापून झाली की तीच बाई पुन्हा अस्पृश्य व्हायची. वैदू समाज झोळीत झाडपाला घेऊन गावोगाव फिरायचा, तुंबडी लावायचा. हाडवैद्य मोडलेला हात बसवायचा. महाराष्ट्रात वैदू आज भटक्या जमातींच्या यादीत आहेत. गंमत पाहा : वैदू रस्त्याच्या कडेला मुळी विकतो तेव्हा तो भोंदू ठरतो, आणि तीच मुळी काचेच्या दुकानात डबीतून आली की 'वेलनेस' होते. सुईणीला अडाणी ठरवून बाजूला सारले, पण तिच्या अनुभवाचा हिशेब कोणत्या संस्कृतीने ठेवला?

आकडे काय बोलतात?

आता आजकडे येऊ. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७९ व्या फेरीत (जुलै २०२२ ते जून २०२३) आयुष पद्धतींबद्दल प्रश्न विचारले गेले. गेल्या वर्षभरात आजार टाळण्यासाठी किंवा उपचारासाठी आयुषचा वापर केला असे ग्रामीण भागात सुमारे ४६ टक्के आणि शहरी भागात सुमारे ५३ टक्के लोकांनी सांगितले. हाच आकडा 'संस्कृतीकडे परतण्याचा' पुरावा म्हणून फिरवला जातो. पण २०१४ च्या ७१ व्या फेरीत प्रत्यक्ष आजारपणात उपचार कुठे घेतले हे विचारले, तेव्हा सुमारे ९० टक्के उपचार ॲलोपॅथीचे होते आणि आयुषसह इतर सगळे मिळून ५ ते ७ टक्के.

दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण प्रश्न वेगळे आहेत. वर्षातून कधीतरी काढा घेणारा किंवा घरात च्यवनप्राश ठेवणारा माणूस पहिल्या आकड्यात येतो. पोराला ताप भरला की तोच माणूस सुई टोचणाऱ्या डॉक्टरकडे धावतो आणि दुसऱ्या आकड्यात जातो. शिवाय पहिल्या आकड्यात शहर गावाच्या पुढे आहे. जी झाडपाल्याची परंपरा 'गावात जिवंत आहे' असे सांगतात, तिचे गिऱ्हाईक शहरात जास्त! याचा अर्थ परंपरेपेक्षा दुकान, जाहिरात आणि खिशातला पैसा यांचा हात मोठा आहे.

आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत 'डॉक्टर' म्हणून बसलेला माणूस बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. एमबीबीएस झालेला गावात थांबत नाही. सरकारने आयुर्वेद पदवीधरांना ठरावीक मर्यादेत ॲलोपॅथीची औषधे लिहायची मुभा दिलेली आहे. म्हणजे गावकरी आयुर्वेदाची पदवी असलेल्याकडे जातो, पण इंजेक्शन आणि सलाइन घ्यायला. त्याला पॅथी माहीत नसते. हा डॉक्टर जवळ आहे, उधारीवर औषध देतो आणि रात्री दार उघडतो, एवढे त्याला पुरेसे असते.

मग पारंपरिक औषधाकडे लोक नक्की कशासाठी जातात? वस्तीत काम करणाऱ्या कोणालाही ही यादी पाठ असते. गुडघेदुखी, मूळव्याध, मुतखडा, त्वचेचे चट्टे, लकवा, कावीळ, मूल न होणे, अंगावरून पांढरे जाणे. यांतले काही आजार लांबणारे आहेत आणि काही लाजेचे. लांबणाऱ्या आजारात रोजची मजुरी बुडवून मोठ्या रुग्णालयात पुन्हा पुन्हा जाणे परवडत नाही. आपल्याकडे 'घाटी' म्हणजे १९५६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, हा साऱ्या मराठवाड्यातल्या गरिबांचा आधार आहे. पण सिल्लोड-कन्नडच्या ऊसतोड मजुराला तिथे यायचे तर अख्खा दिवस जातो. लाजेच्या आजारात बाईला ऐकून घेणारे माणूस हवे असते. रांगेत दोनशे माणसे असलेल्या डॉक्टरला ते जमत नाही, जडीबुटीवाल्याला जमते. तो नाडी धरतो, म्हणजे हात लावतो. ज्यांच्या आज्या-पणज्यांना डॉक्टरचा हात लागला नाही, त्यांच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही.

श्रद्धेला श्रेय कसे मिळते

इथेच सावध व्हायचे आहे, कारण ऐकून घेणे म्हणजे बरे करणे नव्हे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक रुग्णांत विश्रांतीने काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात गळ्यात माळ घातलेली असेल तर श्रेय माळेला जाते. साप बिनविषारी असेल, किंवा विषारी असूनही विष उतरले नसेल, तर श्रेय मांत्रिकाला जाते. पण नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचे विष अंगात गेले असेल तर प्रतिविषाशिवाय इलाज नाही आणि वाया गेलेला तास जीव घेतो. म्हणूनच डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, कुत्रा, विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे. मधुमेह, कॅन्सर पूर्ण बरा करतो अशा जाहिरातींना तर १९५४ पासूनच कायद्याने बंदी आहे. तरी त्या वर्षानुवर्षे चालल्या आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने फटकारल्यावर पतंजलीला वर्तमानपत्रांत माफीनामे छापावे लागले. 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक, हाही गैरसमज. २००४ साली अमेरिकेत बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली, त्यांतल्या १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले.

मग झाडपाला सगळा टाकून द्यायचा? मुळीच नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरचा परिणाम रुग्णांवर मोजला आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला, तेव्हा ती मुळी जगाच्या वैद्यकात पोचली. चीनच्या तू यूयू यांनी जुन्या ग्रंथातला एक उल्लेख धरून मलेरियावरचे आर्टेमिसिनिन शोधले, ते आधी स्वतःच्या शरीरावर तपासले आणि २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले. दोघांनीही ग्रंथ डोक्यावर घेऊन मिरवणूक काढली नाही. त्यांनी तो कसोटीला लावला. केसपुत्तच्या कालामांना बुद्धांनी हाच मार्ग सांगितला होता. ऐकीव आहे, ग्रंथात आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरू सांगतो, एवढ्यावर स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. बाबासाहेबांनी १९५० साली या शहरात कॉलेज काढले आणि पुढे त्याला मिलिंदाचे नाव दिले. मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनाला प्रश्नांमागून प्रश्न विचारणारा राजा. प्रश्न विचारणे ही आपली परंपरा आहे.

मंदिर नको, दवाखाना हवा

२०२३ साली केंद्र सरकारने आरोग्य केंद्रांचे नाव बदलून 'आयुष्मान आरोग्य मंदिर' केले. २ मार्च १९३० ला काळारामाच्या बंद दारासमोर उभ्या राहिलेल्या समाजाला उपचारासाठी मंदिराची पायरी चढायला सांगितली जाते आहे. संविधानाच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. कर्तव्य असते तिथे हक्क मागता येतो. मंदिरात फक्त प्रसाद मिळतो.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे असे. वस्तीतली बाई जडीबुटीवाल्याकडे गेली म्हणून तिला अडाणी म्हणू नका. ती कशामुळे तिकडे गेली ते विचारा. अंतर, पैसा, वेळ, लाज, अपमान, यांतले जे कारण निघेल त्याचे निवेदन आरोग्य केंद्रावर न्या. आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचे प्रतिविष आहे का, बाईचे ऐकायला बाई डॉक्टर आहे का, हे विचारा. वैद्य असो वा हकीम, त्याची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनची नोंदणी पाहा, औषधाची चिठ्ठी मागा, पुडीवर उत्पादन परवाना क्रमांक आहे का ते बघा. रक्तदाबाची, साखरेची गोळी बंद करायला सांगणाऱ्याला तिथेच हटका.

आणि कोणी प्राचीन आयुर्वेदाचा गौरव ऐकवू लागला, तर त्याला मनुस्मृतीचा चौथा अध्याय दाखवा आणि पितळखोऱ्याचा राजवैद्य मगिल दाखवा. मग विचारा : तुमच्या दवाखान्यात आमच्या माणसाला हात कोण लावणार?

जय भीम. नमो बुद्धाय.